अ‍ॅप स्लो झालंय असा फोन आला की काय बघायचं, कुठनं सुरू करायचं

बेळगाव, निपाणी, चिक्कोडी पट्ट्यात आता बऱ्याच लहान सॉफ्टवेअर कंपन्या झाल्यात, कुणी उद्यमबागेतल्या फौंड्र्यांना ईआरपी देतंय, कुणी सोसायट्यांच्या पिग्मी कलेक्शनचं अ‍ॅप चालवतंय, कुणी शाळेच्या फीचं सॉफ्टवेअर, आणि इंजिनिअरिंग करून बाहेर पडलेली आपली पोरं-पोरी तिथं पहिल्या नोकरीला लागतायत. कोडिंग येत असतंय त्यांना, चांगलं येतंय, पण चालू असलेलं अ‍ॅप मधेच मंद झालं तर काय करायचं हे कॉलेजात फारसं कुणी शिकवत नाही. मग होतं काय, ग्राहकाचा फोन आला की सर्व्हर रीस्टार्ट करायचा, त्यानं नाही भागलं तर रॅम वाढवायची, तरी नाही भागलं तर क्लाउडवाल्याला नावं ठेवायची. रीस्टार्टनं तासाभर बरं वाटतं पण कारण जिथल्या तिथंच राहतं, आणि त्याहून वाईट म्हणजे पुरावा पुसला जातो.

मी इथं एकच गोष्ट परत परत सांगणार आहे: वेळ नेमका कुठं जातोय ते मोजल्याशिवाय कशालाच हात लावू नका. बाकीची टूलं, ग्राफ, कमांडी सगळं त्यासाठीच आहे.

समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण धरूया, दूध संकलनाचं अ‍ॅप. गावोगावच्या डेअरीत सकाळ-संध्याकाळ लोक दूध घालायला येतात, सेक्रेटरी कोड नंबर टाकतो, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) मशीनवरनं येतं, दर निघतो, पावती छापली जाते, पुढचा माणूस. हे अ‍ॅप सकाळी सहा ते साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेसात एवढंच जोरात चालतं, शिवाय दर दहा दिवसांनी बिल काढायच्या दिवशी. बाकी दिवसभर निवांत. हा लोडचा आकार डोक्यात ठेवा, कारण चोवीस तासांची सरासरी काढली तर असा सर्व्हर कायम रिकामाच दिसणार.

आधी तक्रार नीट ऐकून घ्या

फोन येतो, "सर, सकाळपासनं सॉफ्टवेअर लई हँग होऊलंय, माणसं थांबल्यात." इथं "बघतो" म्हणून फोन ठेवायचा नाही, दोन मिनिटं विचारायचं. काका, कोड टाकल्यावर अडकतंय का पावती निघताना? सगळ्यांच्या कोडला का ठराविक कोडला? किती वाजता सुरू झालं, काल होतं का? शेजारच्या गावात पण तसंच आहे का? वायफायवर आहात का मोबाईलच्या नेटवर?

ह्यातलं प्रत्येक उत्तर अर्धं काम करून देतं. सगळ्या गावांत एकदमच स्लो असेल तर सर्व्हर नाहीतर डेटाबेस. एकाच गावात असेल तर तिथलं नेट, तिथला कॉम्प्युटर, नाहीतर त्या गावाचा डेटाच फार मोठा. एकाच स्क्रीनला अडकत असेल तर एखादी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न. ठराविक वेळेलाच होत असेल तर त्या वेळेला दुसरं काहीतरी चालू असतंय, ह्याचं उदाहरण पुढं सविस्तर देतो. आणि एक प्रश्न ग्राहकाला नाही, आपल्याच टीमला विचारायचा: काल-परवा काय बदललं? नवीन रिलीज, नवा दरपत्रक, नवीन दहा गावं जोडली, सर्टिफिकेट बदललं, काहीही. बदलांची यादी तारीख आणि वेळेसकट एका ठिकाणी लिहून ठेवायची सवय लावा, साधी एक्सेल शीट चालते.

मीटर आधीच बसवलेला पाहिजे

तक्रार आल्यावर मोजायला सुरुवात केली तर चांगल्या दिवशी आकडा किती असतो तेच माहीत नसतं, मग आजचा आकडा वाईट म्हणायचा कशावरनं? म्हणून अ‍ॅप लाइव्ह करतानाच चार गोष्टी मोजायला लावा. गूगलच्या साईट रिलायबिलिटी टीमनं 2016 साली ह्या चार गोष्टी मांडल्या आणि आजही नवख्या माणसाला एवढ्या पुरतात: लेटन्सी म्हणजे उत्तर यायला लागलेला वेळ, ट्रॅफिक म्हणजे सेकंदाला किती रिक्वेस्ट येतायत, एरर, आणि सॅच्युरेशन म्हणजे सीपीयू, मेमरी, डिस्क, कनेक्शन ह्यातलं काय भरत आलंय. फेल झालेल्या रिक्वेस्टची लेटन्सी वेगळी मोजा, कारण लगेच फेल होणाऱ्या शंभर रिक्वेस्ट मिसळल्या तर ग्राफ उलट सुधारल्यासारखा दिसतो.

लेटन्सीत सरासरीवर विश्वास ठेवू नका. शंभर पावत्या धरा, पंच्याण्णव 0.2 सेकंदात निघाल्या आणि पाचांना 8 सेकंद लागले. सरासरी येते 0.59 सेकंद, म्हणजे कागदावर सगळं झकास. पण ते पाचजण प्रत्येकी आठ सेकंद कॅन घेऊन उभे राहिले आणि त्यांच्या मागची माणसं पण. म्हणून पर्सेंटाइल बघायचं, पी50 म्हणजे अर्ध्या रिक्वेस्ट ह्या वेळेच्या आत झाल्या, पी95 म्हणजे शंभरातल्या पंच्याण्णव, पी99 म्हणजे नव्याण्णव. वरच्या उदाहरणात पी95 सुद्धा 0.2 सेकंदच येतो, खरा त्रास पी99 मधे दिसतो, तेव्हा दोन्ही लावा. आणि एका स्क्रीनमागं वीस एपीआय कॉल जात असतील, तर त्यातला एकतरी पी95 पेक्षा स्लो निघण्याची शक्यता 64 टक्के आहे, म्हणजे "पाच टक्क्यांनाच त्रास" हे म्हणणं टिकत नाही, जवळजवळ सगळ्यांनाच कधी ना कधी तो बसतो. दोन सर्व्हरचे पी95 बेरीज करून भागिले दोन करायचे नाहीत, गणित चुकतं, मूळ हिस्टोग्राम (किती वेळात किती रिक्वेस्ट झाल्या ती मोजणी) एकत्र करून परत काढावं लागतं.

किती वेळ चालेल, ह्यासाठी जेकब नील्सन यांनी 1993 साली दिलेले आकडे अजून कामाचे आहेत: 0.1 सेकंदात झालं तर लगेच झालं असं वाटतं, 1 सेकंदापर्यंत माणसाची तंद्री तुटत नाही, 10 सेकंदांच्या पुढं लक्ष दुसरीकडं जातं. डेअरीच्या पावतीला मी एक सेकंद हीच हद्द धरीन. दहा दिवसांच्या बिलाला मिनिट लागलं तरी चालेल, फक्त किती झालंय ते स्क्रीनवर दिसलं पाहिजे.

टूल कुठलं घ्यावं ह्यावर फार वेळ घालवू नका. लहान कंपनीला प्रोमेथियस (आकडे गोळा करायला) आणि ग्राफाना (ग्राफ बघायला) पुरेसं आहे, दोन्ही फुकट, प्रोमेथियस साउंडक्लाउड कंपनीत 2012 साली सुरू झालं आणि आज त्याच्यावरचं साहित्य भरपूर मिळतं. सर्व्हरवर नोड एक्स्पोर्टर टाकला की सीपीयू-मेमरी-डिस्क यायला लागतं, अ‍ॅपमधनं रिक्वेस्टचा वेळ तुम्ही द्यायचा. एकच काळजी घ्या, लेबलमधे, म्हणजे आकड्याला लावायच्या खुणेत, शेतकऱ्याचा कोड टाकू नका. डेअरीचं नाव एकवेळ चालेल पण हजारो कोड टाकले तर प्रत्येकाची वेगळी मालिका तयार होते आणि प्रोमेथियसचीच मेमरी संपते. कोण, कुठला कोड, हे लॉगमधे जायचं.

लॉग आणि घड्याळ

प्रत्येक रिक्वेस्टची एक ओळ पडली पाहिजे आणि त्या ओळीत एवढं पाहिजे: वेळ, रिक्वेस्ट आयडी, कुठला रूट, स्टेटस, एकूण मिलिसेकंद, त्यातले डेटाबेसमधे किती गेले, आणि कुठल्या डेअरीचं. डेटाबेसचा वेळ वेगळा लिहिणं फार महत्त्वाचं, कारण एकूण 4000 आणि डेटाबेस 3900 असं दिसलं की अ‍ॅपचा कोड वाचत बसायची गरजच नाही. अ‍ॅप एकापेक्षा जास्त सर्व्हिसमधे वाटलेलं असेल तर ओपनटेलिमेट्री लावा, एक रिक्वेस्ट कुठल्या सर्व्हिसमधे किती थांबली ते एका पट्टीवर दिसतं. एकच सर्व्हर असेल तर सुरुवातीला लॉगवर भागतं.

आता घड्याळ. क्लाउडवरचे सर्व्हर बहुतेक वेळा यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, असतात आणि आपण साडेपाच तास पुढं. सेक्रेटरी म्हणतो सकाळी साडेसहाला अडकलं, तर लॉगमधे ते रात्री एक वाजता सापडणार. सर्व्हर यूटीसीवरच राहू द्या, ते बरंच आहे, पण तक्रार लिहून घेताना दोन्ही वेळा लिहा आणि ग्राफानात आपला टाइमझोन लावा. टीममधे नवीन आलेलं कुणी चुकीच्या तासाचा लॉग वाचत बसलेलं बऱ्याचदा दिसतं.

फोनपासनं सर्व्हरपर्यंत, मधे कुठं

खानापूरच्या पुढं जांबोटी, कणकुंबीकडं पावसाळ्यात रेंजची काय अवस्था असते ते इथल्या माणसाला सांगायला नको. त्यामुळं पहिला प्रश्न, वेळ नेटवर्कमधे गेला का सर्व्हरमधे? ह्यासाठी सर्व्हरला रिक्वेस्ट पाठवून बघणारी कर्ल नावाची कमांड बास आहे. तिच्या राइट-आउट ऑप्शनमधे वेगवेगळे टप्पे मागता येतात: नाव शोधायला लागलेला वेळ, कनेक्शन जुळायला, टीएलएस (कनेक्शन सुरक्षित करणं) व्हायला, पहिला बाइट यायला आणि एकूण. हे सगळे आकडे सुरुवातीपासनं मोजलेले असतात, म्हणून मागचा पुढच्यातनं वजा करायचा. टीएलएस झाल्यापासनं पहिला बाइट येईपर्यंतचा वेळ मोठा असेल तर बहुतेक करून सर्व्हर विचार करत बसलाय. कनेक्शनलाच वेळ जात असेल तर नेट. नाव शोधायला दोन सेकंद लागत असतील तर डीएनएस. पहिला बाइट लवकर आला आणि शेवटचा उशिरा, तर तुम्ही फार मोठा डेटा पाठवताय, एका पावतीसाठी महिन्याची यादी जात नाही ना बघा.

सर्व्हर कुठं आहे त्याचा पण फरक पडतो. फायबरमधे प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर जातो, मुंबई आपल्यापासनं पाचशेएक किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन नुसत्या अंतराचे पाच मिलिसेकंद. अमेरिकेत व्हर्जिनियाला सर्व्हर ठेवला तर जाऊन-येऊन दोनशेच्या आसपास. नवीन कनेक्शनला टीसीपीची एक फेरी, टीएलएस 1.3 ची एक, मग रिक्वेस्टची एक, म्हणजे सर्व्हरच्या कामाचा वेळ न धरताच 600 मिलिसेकंद संपले. अ‍ॅमेझॉनचं मुंबई रीजन 2016 पासनं आहे, दुसऱ्या कंपन्यांची पण भारतात आहेत, तेव्हा डिफॉल्ट आलं म्हणून अमेरिका ठेवू नका.

सर्व्हरवर गेल्यावर

इथं पटपट बघायचं, पाच मिनिटांत. अपटाइम किंवा टॉप मारला की लोड अ‍ॅव्हरेजचे तीन आकडे दिसतात, 1, 5 आणि 15 मिनिटांचे. पहिला मोठा आणि तिसरा लहान असेल तर त्रास आत्ता वाढतोय, उलटं असेल तर ओसरतोय. आकडा कोअरच्या संख्येशी ताडून बघा, चार कोअरला चार लोड म्हणजे पूर्ण भरलेला. पण लिनक्समधे डिस्कची वाट बघत अडकलेल्या प्रोसेस पण त्यात मोजल्या जातात, म्हणून लोड जास्त आणि सीपीयू रिकामा असं दिसलं तर गोंधळू नका, डिस्ककडं बघा.

व्हीएमस्टॅट एक-एक सेकंदाला चालवा आणि पहिली ओळ सोडून द्या, ती मशीन चालू झाल्यापासनंची सरासरी असते. वेटचा कॉलम वाढला तर डिस्क, स्वॅप इन-आउट हलायला लागलं तर मेमरी कमी पडतेय, स्टील वाढला तर तुमच्या वाटणीचा सीपीयू तुम्हाला मिळत नाहीये. हा स्टीलचा प्रकार स्वस्तातल्या बर्स्ट मशीनवर हमखास होतो, दिवसभर क्रेडिट साठतं आणि सकाळच्या दोन तासांत खर्च होतं, संपलं की मशीन हळू. फ्री कमांडमधे "फ्री" कॉलम बघून घाबरायचं नाही, लिनक्स मोकळी मेमरी फाइल कॅशला वापरतं, "अव्हेलेबल" कॉलम बघा. डीएफनं डिस्क भरली नाही ना बघा, लॉगनं डिस्क भरून बंद पडलेली अ‍ॅप्स खूप असतात. आणि प्रोसेस आपोआप मरत असेल, एक्झिट कोड 137 येत असेल, तर डीमेसेजमधे आउट ऑफ मेमरी शोधा, बहुतेक वेळा कर्नलनंच मेमरीसाठी तिला मारलेलं असतंय.

डेटाबेस

आपल्या प्रकारच्या अ‍ॅपमधे, म्हणजे पावत्या, खाती, बिलं, माझा अनुभव असा की वेळ बहुतेक इथंच सापडतो, म्हणून इथं जास्त थांबूया.

पहिल्यांदा स्लो क्वेरी नोंदवायला लावा. पोस्टग्रेस डेटाबेसमधे हे मुळात बंद असतं, लॉग मिन ड्युरेशन स्टेटमेंट नावाची सेटिंग आहे, सुरुवातीला 500 मिलिसेकंद ठेवा. मायएसक्यूएलमधे पण स्लो क्वेरी लॉग बंद असतो, आणि चालू केला तरी हद्द 10 सेकंदांची असते, ती कमी करायला विसरू नका नाहीतर लॉग रिकामा बघून सगळं ठीक आहे असं वाटेल. पोस्टग्रेसला पीजी स्टॅट स्टेटमेंट्स हे एक्स्टेंशन पण टाका, त्याला एकदा डेटाबेस रीस्टार्ट लागतो म्हणून दुपारी निवांत वेळी करा. त्यात क्वेरी एकूण वेळेनुसार लावून बघायच्या. नुसती सगळ्यात स्लो क्वेरी शोधू नका, कारण दिवसातनं एकदा 5 सेकंद घेणारा रिपोर्ट परवडतो, पण 20 मिलिसेकंदांची एखादी क्वेरी सकाळच्या गर्दीत लाखभर वेळा चालत असेल तर तीच डेटाबेस खातेय.

क्वेरी सापडली की एक्सप्लेन अ‍ॅनालाइज, डेटाबेसनं ती कशी चालवली ते दाखवणारी कमांड. लक्षात असू द्या, अ‍ॅनालाइज लावलं की क्वेरी खरोखर चालते, अपडेट-डिलीट असेल तर ट्रान्झॅक्शन उघडून आत चालवा आणि रोलबॅक करा. मोठ्या टेबलवर सीक्वेन्शियल स्कॅन (सगळं टेबल ओळीनं वाचणं) दिसला आणि लाखो ओळी वाचून शेवटी दहाच ठेवल्या असं दिसलं, तर इंडेक्स, म्हणजे पुस्तकाच्या मागच्या सूचीसारखी सोय, नाही. फॉरेन कीवर (दुसऱ्या टेबलकडं बोट दाखवणाऱ्या कॉलमवर) पोस्टग्रेस आपोआप इंडेक्स बनवत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. लाइव्ह टेबलवर इंडेक्स बनवताना कन्करंटली लिहा, नाहीतर इंडेक्स होईपर्यंत त्या टेबलमधे नवीन पावतीच पडणार नाही.

काही लोकांनाच स्लो, काहींना नाही, ह्याचं एक आपल्याकडचं उदाहरण. नावावरनं शोधायची सोय दिलीय आणि आडनावावर इंडेक्स आहे. सेक्रेटरीनं देसूरकर टाकलं की लगेच, पाटील टाकलं की पाच सेकंद. कारण सरळ आहे, कित्येक गावांत निम्मी यादी पाटलांचीच, एवढ्या ओळी आणायच्या तर इंडेक्सचा काही उपयोग नाही, डेटाबेस सगळं टेबलच वाचतो. टेस्टिंगला कुणीतरी वेगळं आडनाव टाकून बघितलेलं असतंय आणि ते पास झालेलं असतंय. उपाय म्हणजे डेअरी आणि आडनाव दोन्हीचा मिळून इंडेक्स, पहिल्या वीस ओळीच आणणं, आणि खरं तर कोड नंबरवरनं शोधायला लावणं. नावाच्या मधलं अक्षर शोधायची सोय असेल, म्हणजे दोन्ही बाजूला टक्क्याचं चिन्ह, तर साधा बी-ट्री इंडेक्स तिथं लागतच नाही.

दुसरा नेहमीचा दोष, एन प्लस वन. बिलाच्या स्क्रीनवर 300 खातेदार आहेत, कोडनं आधी यादी आणली आणि मग प्रत्येकासाठी वेगळी क्वेरी, झाल्या 301 क्वेरी. प्रत्येक 2 मिलिसेकंदांची धरली तरी 600 मिलिसेकंद, आणि डेटाबेस दुसऱ्या शहरात ठेवून प्रत्येकीला 10 लागले तर तीन सेकंद. स्लो क्वेरी लॉगमधे ह्यातलं काहीच दिसणार नाही कारण एकही क्वेरी स्लो नाही. म्हणून एका रिक्वेस्टमागं किती क्वेरी गेल्या हा आकडा पण लॉगच्या ओळीत टाका.

गोल आकडा दिसला की टाइमआउट समजा

रिक्वेस्ट बरोबर 30 सेकंदांनी फेल होतायत, किंवा बरोबर 60, तर काम तेवढा वेळ चाललं असं नाही, कुणीतरी वाट बघायची सोडून दिली. जावातल्या हिकारी पूलमधे, म्हणजे डेटाबेसची कनेक्शन तयार ठेवणाऱ्या साठ्यात, कनेक्शनसाठी थांबायची डिफॉल्ट हद्द 30 सेकंद आहे, अ‍ॅपच्या पुढं बसवलेला एनजिनएक्स वेब सर्व्हर मागच्या सर्व्हरची वाट 60 सेकंद बघतो आणि मग 504 देतो. 502 आला तर मागचा सर्व्हर बंद आहे किंवा त्यानं मधेच कनेक्शन तोडलं. असा गोल आकडा दिसला की कुठल्या सेटिंगमधे तो लिहिलाय ते शोधा, दोष त्याच्या पलीकडच्या बाजूला सापडतो.

पूलचं गणित डेअरीच्या रांगेसारखंच आहे. सेकंदाला 40 रिक्वेस्ट आणि प्रत्येक 0.2 सेकंद कनेक्शन धरून ठेवते, म्हणजे एकावेळी 8 कनेक्शन गुंतलेली, पूल 10 चा असेल तर भागतं. क्वेरी जरा हळू झाली आणि प्रत्येकीला 1 सेकंद लागायला लागला की 40 कनेक्शन लागतात, आहेत 10, मग रांग वाढतच जाते. येणाऱ्यांचा वेग गुणिले लागणारा वेळ, जॉन लिटल यांनी 1961 साली हे सिद्ध केलं आणि अजून कुठल्याही सर्व्हरला लागू पडतं. इथं पूल 10 चा 200 करावा असं वाटतं, करू नका, डेटाबेस आधीच दमलाय त्याच्यावर आणखी माणसं सोडल्यासारखं होईल, शिवाय पोस्टग्रेसची डिफॉल्ट हद्दच 100 कनेक्शनची. क्वेरी परत 0.2 वर आणा.

सकाळी स्लो, संध्याकाळी बरं

आता हे सगळं एकत्र कसं वापरायचं ते बघा. तक्रार अशी की सकाळी सहा ते पावणेसात पावतीला चार-पाच सेकंद लागतात, मग आपोआप सुटतं. पहिला अंदाज सगळे एकच करतात, सकाळची गर्दी. पण ट्रॅफिकचा ग्राफ उघडला तर संध्याकाळी सहाला पण तेवढ्याच रिक्वेस्ट आहेत आणि तेव्हा पी95 0.3 सेकंद. आणि सकाळी सव्वासातला गर्दी सर्वात जास्त, तरी सगळं सुरळीत. म्हणजे गर्दीचा अंदाज इथंच बाद.

लॉगमधे एकूण वेळातला जवळजवळ सगळा डेटाबेसमधे. पण क्वेरी ठराविक एक नाही, सगळ्याच हळू, अगदी कोडवरनं नाव आणायची साधी क्वेरी पण. सगळ्याच हळू असतील तर क्वेरीत दोष नाही, खालची मशीन अडलीय. व्हीएमस्टॅटमधे वेट वाढलेला, आयओस्टॅटमधे डिस्क सतत गुंतलेली. मग डिस्क वाचतंय कोण? पोस्टग्रेसच्या पीजी स्टॅट अ‍ॅक्टिव्हिटीमधे बघितलं तर पीजी डंप, म्हणजे बॅकअपची कमांड, चालू, सहा वाजल्यापासनं. क्रॉनमधे (ठरल्या वेळी कामं चालवणारी सोय) बॅकअपची वेळ 00:30 लिहिलीय. लिहिणाऱ्याच्या मनात रात्री साडेबारा, पण सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे आपल्या घड्याळात बरोबर सकाळी सहा. गावं कमी होती तोवर बॅकअप पाच मिनिटांत होत होता, लोक रांगेत यायच्या आधीच संपायचा, डेटा वाढत गेला तसा चाळीस मिनिटांवर गेला. पीजी डंप पावत्यांना लॉक लावत नाही, पण डिस्क पूर्ण खातो आणि मेमरीतली कामाची कॅश बाहेर ढकलतो.

दुरुस्ती म्हणजे क्रॉनमधे 20:00, म्हणजे आपल्याकडं रात्री दीड. रॅम वाढवली असती तर पैसे गेले असते आणि थोड्या दिवसांनी तोच त्रास परत. बॅकअप हलवल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळचा ग्राफ आदल्या दिवसाच्या ग्राफवर ठेवून बघायचं, तोवर तक्रार बंद झाली असं धरायचं नाही.

करंट आल्यावरची गर्दी

वळवाच्या पावसात तालुक्याचा करंट जातो आणि तासाभरानं एकदम येतो, आणि त्या क्षणी सगळ्या डेअऱ्यांची मशीन एकाच वेळी सर्व्हरवर धावतात, साठलेल्या पावत्या पाठवायला. सर्व्हर हळू झाला की अ‍ॅप परत प्रयत्न करतं, लगेच, त्यामुळं लोड दुप्पट-तिप्पट. म्हणून अ‍ॅपमधे परत प्रयत्न करायची वेळ वाढवत न्यायची, 1 सेकंद, 2, 4, 8, आणि त्यात थोडा यादृच्छिक फरक टाकायचा म्हणजे सगळे एकाच ठोक्याला येणार नाहीत. आणि प्रत्येक पावतीला मशीनवरच एक युनिक आयडी द्यायचा आणि डेटाबेसमधे तो युनिक ठेवायचा, नाहीतर एकच दूध दोनदा चढतं आणि बिलात पैशाचा घोळ होतो. स्लो असणं लोक सहन करतील, हिशोब चुकला तर तुमच्या सॉफ्टवेअरवरचा विश्वास जातो.

दुरुस्ती करताना

एका वेळी एकच बदल. इंडेक्स घातला, पूल बदलला, रॅम वाढवली, तिन्ही एकाच रात्री केलं आणि सकाळी बरं झालं, तर कशानं झालं ते कधीच कळणार नाही. बदलाच्या आधी अंदाज लिहा, "ह्यानं पी95 चार सेकंदांवरनं एकाच्या आत येईल", मग बघा आला का. नाही आला तर बदल मागं घ्या. अगदीच गळ्याशी आलं आणि रीस्टार्ट करावाच लागला, माणसं खोळंबलीत म्हटल्यावर करावा लागतो, तर आधी टॉपचं, व्हीएमस्टॅटचं आउटपुट आणि चालू क्वेरींची यादी एका फाइलमधे वाचवा, जावा असेल तर दहा सेकंदांच्या अंतरानं तीन थ्रेड डंप (प्रत्येक थ्रेड कोडच्या कुठल्या ओळीवर आहे त्याची नोंद) घ्या. तीनही डंपमधे तोच थ्रेड त्याच ओळीवर अडकलेला दिसला तर कारण बहुतेक तिथंच.

अलर्ट थोडेच लावा आणि लोकांना बसणाऱ्या त्रासावर लावा: पावतीचा पी95 पाच मिनिटं सलग दोन सेकंदांच्या वर, एरर एक टक्क्याच्या वर, डिस्क 80 टक्के. सीपीयू 90 टक्के झाला म्हणून रात्री कुणाला उठवू नका, पावत्या वेळेत निघतायत तर सीपीयू त्याचं काम करतोय. रोज वाजणारा आणि कुणी न बघणारा अलर्ट काढून टाका.

आणि बिलाच्या दिवसाची तयारी आधी करा. के6 किंवा जेमीटरनं टेस्ट सर्व्हरवर लोड टाकून बघता येतो, पण टेस्टचा डेटाबेस खऱ्याएवढाच मोठा पाहिजे, हजार ओळींच्या टेबलवर इंडेक्स नसला तरी सगळं पळतं. लाइव्ह डेटाची कॉपी घेऊन नावं, फोन, बँक खाती बदला, आडनावांचं प्रमाण मात्र तसंच राहू द्या, आणि बिल काढणं चालू असतानाच संध्याकाळच्या पावत्यांचा लोड त्याच्यावर टाका, कारण बिलाच्या दिवशी दोन्ही एकाच वेळी चालतं.